एका अक्षराची संमती

दीपश्री मोंडकर वेंगुर्ल्याहून कोल्हापूरला परत पोचली तेव्हा तिच्या वडिलांचा डावा पाय काढून झाला होता.

ती जेमतेम दीड दिवस घरी गेली होती. तिचा मासळीची शीतगृहं बसवण्याचा व्यवसाय होता आणि एका शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. ते काम उरकून, वडिलांचे धुतलेले सदरे पिशवीत घालून ती रुग्णालयात आली. खोलीत शिरताच तिला पलंगावरची चादर विचित्र दिसली. एका बाजूला ती मांडीपासून खाली सपाट पडली होती.

"मला फोन का नाही केलात?" तिनं डॉ. घोरपड्यांना विचारलं.

"कायद्यानं गरज नव्हती. रुग्णानं स्वतः संमती दिली."

"बाबांना बोलता येत नाही, डॉक्टर!"

"येतं. एक अक्षर येतं. वाचासाक्षी यंत्रानं त्याचा अर्थ एक्याण्णव टक्के खात्रीनं दिला." घोरपडे थकलेले दिसत होते. "रक्ताची गुठळी पायात अडकली होती. आम्ही औषधानं विरघळवून पाहिली, नाही विरघळली. पाय काळा पडला होता. ठेवला असता तर चार दिवसांत विष अंगभर भिनलं असतं. मी त्यांना विचारलं, 'पाय काढायचा का?' ते म्हणाले, 'ने.'"

जयवंत मोंडकर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उमेदीची तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. कंपनी ग्रीक, जहाजं कोरियात बांधलेली, दुरुस्तीला कधी वार्ना, कधी इस्तंबूल. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला आणि उजवं अंग लुळं झालं. मेंदूच्या डाव्या भागात, जिथे बोलणं तयार होतं, तिथला रक्तपुरवठा तुटला होता. अशा काही रुग्णांची सगळी भाषा जाते आणि तोंडात एखादंच अक्षर शिल्लक राहतं. राग आला तरी तेच, तहान लागली तरी तेच. जयवंतरावांच्या तोंडात 'ने' उरलं होतं.

वाचासाक्षी हे यंत्र अशाच माणसांसाठी होतं. लिंबाएवढी एक पांढरी डबी उशीजवळ ठेवलेली असे. रुग्णाचा आवाज, त्याची पट्टी, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, नाडीचे ठोके असं सगळं टिपून ती त्याचं म्हणणं सांगे. चार वर्षांपूर्वी कायदा झाला. आजाऱ्याच्या नावानं नातेवाईकच निर्णय घेतात, त्यात कुणाचा स्वार्थ असतो, कुणाची घाई असते, अशी प्रकरणं गाजली होती. म्हणून ठरलं, की यंत्राची खात्री पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर तो रुग्णाचाच शब्द. मुलगा असो, बायको असो, कुणालाही तो फिरवता येणार नाही. तेव्हा दीपश्रीलाही तो कायदा चांगला वाटला होता.

संध्याकाळी जयवंतरावांची गुंगी उतरली. त्यांनी धडधाकट डावा हात चादरीखाली घातला. तो मांडीवरून खाली सरकला आणि थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"ने," ते म्हणाले. "ने, ने, ने, ने."

उजवा पाय लुळाच होता. चालण्याची थोडीफार आशा होती ती डाव्याच्या भरवशावर. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून दीपश्रीची खात्री पटली, की या माणसानं कशालाही हो म्हटलेलं नाही.

*

फरहीन मुकादम ही रुग्णालयातली वाचातज्ज्ञ. दुसऱ्या दिवशी तिनं दीपश्रीला आपल्या खोलीत बसवलं आणि चहा मागवला.

"यंत्र पूर्ण वाक्य ऐकतं तेव्हा भाषा ओळखायला त्याला क्षणही लागत नाही," ती म्हणाली. "पण एका अक्षरात ओळखण्याइतकं काही नसतंच. 'ने' ग्रीकमध्ये हो. कोरियनमध्येही हो. बल्गेरियनमध्ये नाही. तुर्कीत काय. हंगेरियनमध्ये नको करू. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी म्हणतो, आपण 'बरं का' म्हणतो तसं. आणि मराठीत घेऊन जा."

"मग बाबांचं कुठलं, ते कसं ठरवलं?"

"माणूस आधी काय बोलत आलाय त्यावरून अंदाज बांधतं. दाखल करताना कुणीतरी त्यांच्या भाषा सांगितल्या असतील."

निहारनं सांगितल्या होत्या. दीपश्रीचा धाकटा भाऊ, ऑस्ट्रेलियात पर्थला असायचा. त्यानं पडद्यावरून सगळं भरलं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, ग्रीक, कोरियन.

"ग्रीक हो, कोरियन हो," फरहीन म्हणाली. "आणि 'पाय काढायचा का' याला मराठी 'ने', म्हणजे घेऊन जा. तिन्ही एकाच दिशेला. म्हणून एक्याण्णव टक्के."

"पण तो 'हो'चा आवाज नव्हताच. तुम्ही ऐकलाय कधी त्यांचा आवाज?"

"मी ऐकलाय. यंत्रानंही ऐकलाय. पण आवाजातली भीती 'नाही'ची, की 'हो, पण घाबरलोय'ची, हे त्याला कळत नाही." फरहीननं कप खाली ठेवला. "खरं सांगायचं तर मलाही नाही."

दीपश्रीनं फेरतपासणीची मागणी केली. त्यासाठी वडिलांचा फोन द्यावा लागला. कोण काय बोललं हे फोन साठवत नसे. माणूस कुठल्या भाषेत किती बोलतो एवढंच तो जपून ठेवी, म्हणजे भाषांतर पटकन करता येई. दोन दिवसांनी फरहीननं तिला पुन्हा बोलावलं. या वेळी तिनं आधी दार लावून घेतलं.

"निहार एक भाषा विसरले," ती म्हणाली. "बल्गेरियन. गेल्या दहा वर्षांत बाबा मराठीखालोखाल तीच बोललेत. शेवटच्या दोन वर्षांत मराठीपेक्षाही जास्त."

"शक्य नाही. बोट सोडून चौदा वर्षं झाली त्यांना. वेंगुर्ल्यात कोण बोलणार बल्गेरियन?"

फरहीननं आकड्यांचा पडदा तिच्याकडे वळवला. दीपश्रीला आठवलं, बाबा रोज संध्याकाळी बंदरावर फिरायला जायचे. कानात फोनचं यंत्र असायचं. ती म्हणायची, बाबा गाणी ऐकत असतील. आई गेल्यावर फेरी लांबली, तेव्हा तिला वाटलं होतं, घर खायला उठतं म्हणून जात असतील. पण आईला जाऊन सहाच वर्षं झाली होती, आणि फरहीन दहा वर्षांचं सांगत होती.

*

बल्गेरियातल्या वार्ना बंदराचा क्रमांक शोधावा लागला नाही. फोनमध्ये सगळ्यात वर तोच होता.

रोसित्सा नावाच्या बाईनं उचलला. पांढरे आखूड केस, रुंद खांदे. वार्नाच्या गोदीत वेल्डर होती, आता निवृत्त. भाषांतर कानात क्षणभर उशिरा येत होतं, त्यामुळे तिचा चेहरा आधी बदले आणि शब्द मागून येत.

"तुम्ही दीपा," ती म्हणाली. "तीन आठवडे मी वाट बघतेय. तो गेला का?"

"नाही."

रोसित्सानं डोळे मिटले.

"मला तुमची शीतगृहं माहीत आहेत," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मागच्या वर्षी तुमचा हात भाजला होता, तेही माहीत आहे."

"आणि मला तुम्ही माहीत नाही," दीपश्री म्हणाली. "माझ्या आईला माहीत होतात?"

"त्यानं सांगितलं नसावं. मी सांग म्हणत होते. तो घाबरट आहे."

दीपश्रीला फोन बंद करावासा वाटला. आई शेवटच्या आजारात याच माणसाच्या हातून पेज खायची. तो चमचा धुऊन ठेवायचा आणि बंदरावर जायचा. पण पलंगावर तिचे वडील होते आणि उशीजवळ ती डबी होती. तिनं पडदा वडिलांसमोर धरला.

जयवंतरावांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. रोसित्सा तिच्या भाषेत हळूहळू काहीतरी विचारत गेली आणि ते दर वेळी 'ने' म्हणत गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दीपश्री त्यांच्या कानाजवळ ओघळलेलं पाणी रुमालानं टिपत राहिली.

"मी विचारलं, दुखतंय का. म्हणाला, नाही," रोसित्सा म्हणाली. "विचारलं, येऊ का मी. म्हणाला, नाही. दोन्ही त्याच्या नेहमीच्या थापा. दीपा, हे आमचंच 'ने' आहे. माझ्याशी तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललाच नाही."

दीपश्रीला ते 'आमचंच' टोचलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं फरहीनला सांगितलं, की बल्गेरियन धरा.

निहारला तिनं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं.

"म्हणजे आता ती बाई ठरवणार, बाबा काय म्हणतात ते?"

"यंत्र ठरवणार. तिच्या मदतीनं."

"ताई, पाय गेला. तो परत येणार नाही. तुला नक्की काय मिळवायचंय?"

"पुन्हा असं होऊ नये, एवढंच."

*

मागणी मान्य झाली. रुग्णालयाच्या समितीनं पायाच्या बाबतीत 'अर्थनिर्णयात त्रुटी संभवते' असं म्हटलं. डॉ. घोरपडे स्वतः येऊन दीपश्रीला म्हणाले, "मला वाईट वाटतं. तुमचं बरोबर होतं." तिला वाटलं, आपण जिंकलो.

त्या दिवसापासून 'ने' म्हणजे नाही.

नर्स विचारायची, "आजोबा, सूप देऊ?" ते म्हणायचे, "ने." डबी सांगायची, नाही. वाटी परत जायची. व्यायाम करायचा का? ने. कूस बदलू का? ने. पहिले दोन दिवस दीपश्रीला बरं वाटलं. आपल्या बाबांचं कुणीतरी ऐकतंय. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः सूप भरवून पाहिलं, तर त्यांनी चमच्यासाठी तोंड पुढे केलं. प्यायले आणि म्हणाले, "ने."

ती फरहीनकडे धावली. "ते पीत होते! मग नाही कसं?"

"कधी नाही असेल, कधी आणखी दे असेल," फरहीन म्हणाली. "दीपश्री, मी हे आधी बोलायला हवं होतं. अशा रुग्णांचं अक्षर बहुतेक वेळा कुठल्याच भाषेतलं नसतं. गिरणीचा पट्टा तुटल्यावर चाक नुसतं फिरत राहतं, तसं ते तोंडातून येतं. म्हणायचं असतं ते आत असतं, पण या अक्षराला बांधलेलं नसतं."

"मग तुमचं यंत्र अर्थ कशाला देतं?"

"कारण आम्ही त्याला विचारतो."

आठवड्याच्या शेवटी जयवंतरावांना ताप आला. गिळताना काहीतरी छातीत गेलं होतं. रात्रीतून श्वास वाढला, ओठ निळसर झाले. सकाळी डॉ. घोरपडे त्यांच्या कानाशी वाकले.

"मोंडकर साहेब, श्वासासाठी यंत्र लावायला लागेल. घशात नळी घालावी लागेल. लावू?"

"ने," जयवंतराव म्हणाले.

डबीवर आकडा उमटला. नाही. चौऱ्याण्णव टक्के.

"लावा," दीपश्री म्हणाली. "डॉक्टर, लावा. त्यांना कळलेलं नाही."

"मला हात लावता येत नाही आता."

"मी त्यांची मुलगी आहे, मी सांगतेय!"

"पाय काढला तेव्हाही मुलगी होतात तुम्ही." घोरपड्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "नंतर तुम्ही म्हणालात, त्यांचा शब्द ऐका. आज ऐकतोय. हा अर्थ तुम्हीच लावून घेतलात ना?"

तिनं निहारला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चौऱ्याण्णव टक्के आहे ना? मग झालं," तो म्हणाला. "खरं सांगू? मला बरं वाटतंय. आपल्याला ठरवावं लागत नाहीये. बाबांनीच ठरवलं."

"बाबांनी काहीही ठरवलेलं नाही, निहार."

"तुला कसं माहीत?"

तिनं फोन बंद केला. ती खोलीत परत गेली. वडील तिच्याचकडे पाहत होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्या हातात अजून जोर होता. त्यांनी तिची बोटं घट्ट दाबली आणि दरवाजाकडे बघत म्हणाले, "ने."

घेऊन जा. तिला लख्ख ऐकू आलं. इतके दिवस आपण ग्रीक, कोरियन, बल्गेरियन धुंडाळत बसलो आणि हा माणूस आपल्याला सरळ मराठीत सांगतोय. घरी ने.

तिनं घरी सोडण्याची विनंती केली. घोरपडे लगेच तयार झाले. इथे करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. पण नियमाप्रमाणे विचारावं लागलं. "साहेब, घरी जायचं का?"

"ने."

नाही. त्र्याण्णव टक्के.

दीपश्रीला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. घोरपडे मान खाली घालून निघून जाऊ लागले. तेव्हा ती मागून म्हणाली, "थांबा. मी विचारू का? नातेवाइकानं विचारलेलं चालतं ना?"

"चालतं."

ती पलंगाजवळ गेली. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

"बाबा, इथेच राहायचंय का तुम्हाला?"

"ने."

नाही. पंच्याण्णव टक्के. घोरपड्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. "न्या," ते म्हणाले.

फरहीन दारात उभी होती. दीपश्री तिच्याजवळून जाताना पुटपुटली, "प्रश्न कसा विचारायचा, एवढंच होतं तर." फरहीननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दीपश्रीनं तो बाजूला केला नाही, पण ती थांबलीही नाही. बाबांच्या तोंडून आपल्याला हवं ते वदवून घेतलंय, हे तिला आत कुठेतरी जाळत होतं. डॉक्टरांनीही तेच केलं होतं, रोसित्सानंही. सगळ्यांनी प्रेमानंच केलं होतं.

*

रुग्णवाहिका आंबोलीचा घाट उतरून दुपारी वेंगुर्ल्याला पोचली. जयवंतरावांची थोरली बहीण, ताराआत्या, अंगणात उभी होती. खिडकीजवळ पलंग मांडला होता. प्राणवायूची नळी जोडून परिचारक निघून गेले.

दीपश्री वडिलांजवळ बसली. "बाबा, आलो आपण घरी. बघा. आणलं ना तुम्हाला?"

जयवंतरावांनी छपराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. धाप लागलेली असतानाही त्यांनी पुन्हा तिची बोटं धरली.

"ने," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "कुठे? कुठे नेऊ बाबा? बंदरावर?"

"ने."

"पाणी हवंय? रोसित्साला फोन लावू?"

"ने. ने."

ताराआत्या पेज घेऊन आली होती. ती थबकली. "काय म्हणता गो तो?"

"घेऊन जा म्हणताहेत, आत्या. तिकडेही तेच म्हणत होते. म्हणून तर आणलं. आता कुठे जायचंय ते कळत नाही."

आत्या भावाजवळ बसली. त्याच्या कपाळावरचे केस तिनं मागे सारले.

"'ने' खयचा गो?" ती म्हणाली. "आमी 'व्हर' म्हणतंव. माका कायम सांगायचो, 'माका बंदरार व्हर', 'बाजारात व्हर'. 'ने' तो शाळेत मास्तरांशी बोलायचो, नायतर तुमच्याशी."

घेऊन जा म्हणायला बाबांच्या जन्माच्या बोलीत 'व्हर' होतं, 'ने' नंतर शिकलेलं. तिच्याजवळचा शेवटचा अर्थही गेला होता. आश्चर्य म्हणजे तिला हलकं वाटलं. तिनं फोन काढून दूर ठेवला. आत्याच्या हातातली वाटी घेतली आणि वडिलांना काहीही न विचारता चमचा ओठांना लावला. त्यांनी दोन घोट घेतले, तिसरा ओघळू दिला. तिनं हनुवटी पुसली. मग ती त्यांचा हात धरून बसली. ते 'ने' म्हणत, तेव्हा ती "हं" म्हणे. एवढंच. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास जरा संथ झाला.

ते आणखी दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नाही. रोसित्साचा फोन आला की दीपश्री तो त्यांच्या कानाजवळ ठेवून बाहेर जात असे. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या फुलं काढत असताना ते गेले. दीपश्री शेजारीच होती. शेवटच्या श्वासाबरोबर ते काहीच बोलले नाहीत.

तिनं निहारला कळवलं. तो हुंदके देऊन रडला आणि मग म्हणाला, "त्यांच्या मनासारखं झालं ना, ताई?" ती म्हणाली, "माहीत नाही." तो विमानाची वेळ बघतो म्हणाला.

शेजारपाजारची माणसं जमू लागली तेव्हा वडिलांचा फोन वाजला. दीपश्रीनं कानात भाषांतराचं यंत्र घातलेलं नव्हतं. ते कुठे ठेवलंय हे तिला त्या क्षणी आठवेना. तिनं तसाच फोन उचलला.

रोसित्सा पडद्यावर होती. तिनं दीपश्रीच्या खांद्यामागची माणसं पाहिली. मग तिनं तिच्या भाषेत अगदी हळू एक प्रश्न विचारला. तीन-चारच शब्द होते. दीपश्रीला त्यातला एकही येत नव्हता. पण वार्नाच्या त्या बाईच्या चेहऱ्यावर काय विचारलंय ते उघड दिसत होतं. तो आहे का अजून.

दीपश्रीनं तिच्या डोळ्यांत बघितलं.

"ने," ती म्हणाली.

रोसित्साला ते बरोबर कळलं.